बक्षीस पोस्टरला मिळतं की निष्कर्षाला?

गेल्या महिन्यात संगणकीय जीवशास्त्राच्या एका विद्यार्थी परिसंवादाला जाऊन आले. यावेळी पोस्टर लावायला नाही, तर पोस्टरचं परीक्षण करायला. पीएचडीच्या चौथ्या वर्षात पोचलं की अशी कामं आपोआप अंगावर येतात. संस्थेचं आणि शहराचं नाव इथे लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते त्या एका कार्यक्रमापुरतं नाही. तुम्ही एमएस्सीला असाल, किंवा नेट-गेट देऊन पीएचडीच्या मुलाखतींची वाट बघत असाल, तर वर्षभरात अशा एखाद्या परिसंवादाला तुम्हीही जाल. तिथे काय चांगलं असतं आणि काय बिघडलेलं असतं, हे जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

आधी चांगलं. असा परिसंवाद विद्यार्थ्यांनीच भरवायचा, ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्या क्षेत्रात या प्रकाराला जुनी परंपराही आहे. इंटरनॅशनल सोसायटी फॉर कॉम्प्युटेशनल बायोलॉजी या संघटनेची स्टुडंट कौन्सिल २००४ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला परिसंवाद २००५ साली माद्रिदला झाला. त्यानंतरच्या वर्षापासून मोठ्या आयएसएमबी परिषदेला जोडून तो भरतो. गोषवारे मागवणं, ते तपासणं, वक्ते ठरवणं, सगळं विद्यार्थी करतात. भारतातही या कौन्सिलचा गट आहे. आपल्याकडचे बरेच छोटे परिसंवाद याच साच्यातले: एक-दोन बड्या शास्त्रज्ञांची भाषणं, निवडक विद्यार्थ्यांची दहा-दहा मिनिटांची भाषणं, आणि दुपारी जेवणानंतर पोस्टर.

मी गेले तिथेही आयोजक मुलामुलींनी खूप राबून काम केलं होतं. स्वतःच्या परीक्षा सांभाळून त्यांनी बाहेरून आलेल्यांची हॉस्टेलवर सोय केली होती, प्रोजेक्टर बंद पडल्यावर पाच मिनिटांत दुसरा आणला होता. त्यामुळे पुढची टीका त्यांच्यावर नाही, ती त्या साच्यावर आहे.

माझ्या हातात एक गुणपत्रिका दिली गेली. रकाने पाच, प्रत्येकी दहा गुण: मांडणी, सादरीकरण, नावीन्य, उपयुक्तता, प्रश्नोत्तरं. वाट्याला वीस पोस्टर आणि वेळ दीड तास, म्हणजे एका पोस्टरला साडेचार मिनिटं. रकाने दोनदा वाचले, पण एक गोष्ट कुठेच सापडेना: हा निष्कर्ष चुकीचा असता, तर या विद्यार्थ्याला ते कळलं असतं का? माझ्या मते विज्ञानाच्या पोस्टरला विचारायचा पहिला प्रश्न हाच, आणि त्यालाच शून्य गुण होते.

आता हॉलमध्ये चला. वीसपैकी सात-आठ पोस्टर एकाच पाककृतीची होती. तुम्हीही ही पाककृती पाहिली असेल, कदाचित केलीही असेल. जीईओ डेटाबेसमधून एखाद्या आजाराचा डेटासेट उतरवायचा. आजारी आणि निरोगी नमुन्यांत वेगळी वागणारी जनुकं काढायची. ती स्ट्रिंगमध्ये टाकून प्रथिनांचं जाळं बनवायचं, ते सायटोस्केपमध्ये रंगवायचं, सायटोहबा चालवून पहिली दहा 'हब' जनुकं काढायची आणि त्यातल्या एकावर एखाद्या वनस्पतीतला रेणू डॉक करायचा. शेवटी वाक्य ठरलेलं: हे जनुक औषधाचं संभाव्य लक्ष्य ठरू शकतं.

यातलं एकही साधन वाईट नाही. अडचण ही की या पाककृतीत 'नाही' असं उत्तर यायला जागाच नाही. कुठलाही डेटासेट घाला, दहा हब जनुकं निघणारच, कारण सायटोहबाला आपण दहाच मागितलेली असतात. शिवाय स्ट्रिंगमधल्या जोडण्यांचा बराचसा भाग आधी छापलेल्या संशोधनातून येतो. ज्या जनुकावर जास्त लोकांनी काम केलं, त्याच्या जोडण्या जास्त. टीपी५३ हे जनुक अशा जाळ्यांत सारखं मध्यभागी दिसतं, त्याचं एक कारण त्याचं जीवशास्त्र आहे आणि दुसरं म्हणजे जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या जनुकांत ते आहे. म्हणजे तुमच्या पोस्टरवरचा मोठा लाल गोळा आजाराबद्दल काही सांगतोय, की फक्त कोणत्या जनुकावर किती पेपर निघाले ते सांगतोय? तपासायची एक सोपी रीत आहे. तेवढ्याच संख्येची जनुकं यदृच्छेने उचला, तेच जाळं पुन्हा बनवा, असं शंभरदा करा. तुमची हब जनुकं तिथेही वर येत असतील, तर ती तुमच्या आजाराची नव्हेत. सात-आठ पोस्टरपैकी एकानेही हे केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

ही नुसती विद्यार्थ्यांची चूक आहे असं समजू नका. २०११ मध्ये वेने, द्युमाँ आणि देतूर या तिघांचा एक पेपर 'प्लॉस कॉम्प्युटेशनल बायोलॉजी'त आला. स्तनाच्या कर्करोगात रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगणाऱ्या ४७ प्रसिद्ध जनुक-संचांची त्यांनी तुलना केली, आणि ती कशाशी, तर यदृच्छेने उचललेल्या जनुकांच्या संचांशी. निम्म्याहून जास्त प्रसिद्ध संच यदृच्छ संचांपेक्षा धड सरस ठरले नाहीत. त्यांनी मुद्दाम असंबद्ध संचही घेतले होते. त्यातला एक जेवणानंतर हसण्याचा रक्तपेशींवर काय परिणाम होतो याचा होता, आणि तोसुद्धा कर्करोगाच्या निकालाशी 'लक्षणीय'रीत्या जोडला गेला! कारण जादूचं नाही. स्तनाच्या कर्करोगात पेशी किती वेगाने विभागतात याचा ठसा शेकडो-हजारो जनुकांवर उमटतो, म्हणून मूठभर जनुकं कुठूनही उचला, थोडा ठसा त्यात येतोच. शून्याशी तुलना करून पी-मूल्य छान आलं, तरी प्रश्न उरतो: यदृच्छ संचाशी तुलना केली का?

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं प्रामाणिक होणार नाही.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी अशाच एका परिसंवादात पोस्टर लावलं होतं. ६२ गाठींचे नमुने, दोन प्रकार, सुमारे वीस हजार जनुकं. त्यातून मी २० जनुकं निवडली आणि त्यांवर वर्गीकरण केलं. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये अचूकता आली ९६ टक्के. आकडा मी पोस्टरवर तळहाताएवढा छापला होता. एक मुलगा आला, माझ्यापेक्षा ज्युनियर, आणि त्याने विचारलं, "ताई, जनुकं निवडली ती डेटा विभागायच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, आधी. तो "अच्छा" म्हणून पुढे गेला. पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं.

तो "अच्छा" मात्र डोक्यातून जाईना. रात्री मी नमुन्यांची लेबलं पत्ते पिसावेत तशी पिसली. म्हणजे कुठली गाठ कुठल्या प्रकारची हे पूर्ण खोटं करून टाकलं. आता डेटात शिकण्यासारखं काहीच उरलेलं नाही, त्यामुळे अचूकता पन्नासच्या आसपास यायला हवी. माझ्या कोडने दिली ९१ टक्के.

कारण समजून घ्या, हे सारखं लागणार आहे. वीस हजार जनुकं आणि ६२ नमुने असले, की निव्वळ योगायोगाने काही जनुकं खोट्या लेबलांशीही जुळतात. सगळा डेटा बघून तीच जनुकं निवडली, की तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या नमुन्यांची माहिती निवडीतच मुरलेली असते. मग क्रॉस-व्हॅलिडेशन कितीही नीट करा, पेपर आधीच फुटलेला असतो. ही चूक नवी नाही. अँब्रुआज आणि मॅकलाक्लन यांनी २००२ मध्येच, मायक्रोअ‍ॅरेच्या काळात, ती स्पष्ट मांडली होती. उपाय साधा: जनुकं निवडण्याची पायरी क्रॉस-व्हॅलिडेशनच्या आत न्यायची. प्रत्येक फेरीत तपासणीचे नमुने आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यांवरूनच जनुकं निवडायची. तसं केल्यावर माझे ९६ झाले ६८.

ते बक्षीस मी परत केलं का? नाही. सरांना सांगितलं, ते म्हणाले, "पुढच्या वेळी लक्षात ठेव." आयोजकांना मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्येच ठेवला. बायोडेटामध्ये "पोस्टर, द्वितीय क्रमांक" ही ओळ पीएचडीला प्रवेश मिळेपर्यंत होती, नंतर काढली. आधी काढायला हवी होती.

तर गेल्या महिन्यातल्या त्या हॉलमध्ये तेराव्या पोस्टरपाशी मी थांबले. मांडणी सुंदर, मुलगी आत्मविश्वासाने बोलणारी, अचूकता ९७ टक्के. मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आधी, मॅडम. का?" साडेचार मिनिटांत जमेल तेवढं समजावलं. गुणपत्रिकेत यासाठी रकानाच नव्हता. मांडणीचे गुण कापावेत तर मांडणी खरंच चांगली होती. मी खाली शेरा लिहिला आणि आयोजकांना तोंडीही सांगितलं. तिघा परीक्षकांच्या गुणांची बेरीज झाली, शेरे कुणी बेरजेत धरत नाही, आणि त्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं.

रात्री तिचा मेसेज आला. तिने लेबलं पिसून बघितली होती. "८९ आले. आता बक्षीस परत करू का?"

मी तिला माझी गोष्ट सांगितली, आणि सांगितलं की परत करायचं की नाही हे मी ठरवू शकत नाही, पण दुरुस्त आकडा आयोजकांना कळव. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी मेल टाकला, मला प्रत ठेवून. माझा ड्राफ्ट अजून ड्राफ्टमध्येच आहे. आयोजकांचं उत्तर सभ्य होतं: निकाल जाहीर झाले आहेत, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.

माझी तक्रार इथे आहे. चूक सापडणं हा त्या दोन दिवसांतला विज्ञानाचा सगळ्यात खरा क्षण होता. तिने प्रश्न ऐकला, रात्री तपासलं, स्वतःच्या विरुद्ध गेलेला निकाल लिहून पाठवला. आणि परिसंवादाकडे तो क्षण ठेवायला जागाच नव्हती. बक्षिसाला होती, दुरुस्तीला नव्हती.

वेगळं करता येतं का? येतं. प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणाऱ्यांनी १९९४ पासून कास्प नावाची स्पर्धा चालवली आहे. रचना प्रयोगातून कळलेली किंवा लवकरच कळणार असते, पण जाहीर झालेली नसते. स्पर्धक आंधळेपणाने भाकीत पाठवतात आणि मग दोन्ही ताडून बघतात. २०२० च्या कास्पमध्ये अल्फाफोल्ड-२ ने बाजी मारली तेव्हा जगाने विश्वास ठेवला, तो पोस्टर देखणं होतं म्हणून नव्हे, तर उत्तर आधी बघायची सोयच नव्हती म्हणून. विद्यार्थी परिसंवादात एवढा थाट नको. गुणपत्रिकेत एक सहावा रकाना पुरे: "स्वतःचा निष्कर्ष पाडण्यासाठी काय करून पाहिलं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास, ज्यात कुणीही उभं राहून कालच्या पोस्टरमधली दुरुस्ती सांगू शकेल. आयोजकांना मी हे दोन्ही लिहून पाठवलं आहे.

तोवर तुमच्यासाठी. पोस्टर छापायला देण्याआधी लेबलं पिसून कोड पुन्हा चालवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि अचूकता खाली आली नाही तर छपाईचे पैसे वाचतील. हब जनुकं काढली असतील तर यदृच्छ संचांशी ताडून बघा. सहा रुग्णांच्या चाळीस हजार पेशी असतील आणि प्रश्न रुग्णांबद्दल असेल, तर तुमचा एन सहा आहे, चाळीस हजार नाही. एका रुग्णाच्या पेशी एकमेकींच्या बहिणी असतात, त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरू नका. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली असेल तर एखाद्या जनुकाची तारीख झालीय का ते बघा. एक्सेलच्या या खोडीपायी २०२० मध्ये मार्च१ सारख्या जनुकांची नावंच बदलावी लागली आहेत.

आणि दुसऱ्याच्या पोस्टरपाशी उभे राहाल तेव्हा फक्त "छान झालंय" म्हणून पुढे जाऊ नका. एक प्रश्न विचारा, हळू आवाजात, समोरच्याचा पाणउतारा न करता. त्या ज्युनियर मुलाचं नाव मी विचारलं नव्हतं, ते राहूनच गेलं.