व्हायोला आणि खर्जाचा कान

संगीताविषयीच्या मराठी लेखनात व्हायोलाचा उल्लेख बहुधा ‘मोठे व्हायोलिन’ एवढ्यावर संपतो. हे वर्णन दिशाभूल करणारे आहे. व्हायोलाच्या तारा व्हायोलिनपेक्षा पंचमाच्या अंतराने खाली मिळवितात; परंतु त्या प्रमाणात पेटी वाढविली तर वाद्य खांद्यावर धरता येणार नाही. पेटी त्यामुळे लहानच राहते आणि आवाज दबलेला, किंचित सानुनासिक येतो. विसाव्या शतकातील रचनाकारांनी या उणिवेलाच आशयाचे मोल दिले.

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. जालन्याच्या श्रोत्याला मात्र आजही प्रामुख्याने ध्वनिमुद्रणावरच विसंबावे लागते. असे असले तरी या वाद्यासाठी लागणारा कान त्याच्यापाशी आहे. शोस्ताकोविचचा व्हायोला सोनाटा (१९७५) ही त्याची अखेरची रचना. तिच्या आरंभी गज बाजूला ठेवून मोकळ्या तारा छेडल्या जातात. आपल्याला क्षणभर कोणी तानपुरा जुळवीत असल्याचा भास होतो. अर्थात तेथे षड्ज स्थिर होत नाही. आधार मिळेल ही अपेक्षा निर्माण होते आणि ती पुरी होत नाही. या रचनेतील एकाकीपण मला तेथेच जाणवते.

लिगेतीच्या सोनाट्याचा (१९९१–९४) पहिला भाग तर संपूर्णपणे सर्वांत खालच्या तारेवर वाजवावयाचा आहे. त्या तारेच्याही खाली आणखी एक तार कल्पून, तिच्यातून उमटणाऱ्या नैसर्गिक स्वरांप्रमाणे काही स्वर मुद्दाम उतरविलेले आहेत. पियानोला सरावलेल्या कानाला ते बेसूर वाटण्याचा संभव आहे. तानपुऱ्यातील स्वयंभू गांधार ज्याने ऐकला आहे, त्याला मात्र त्यातील गांधार ओळखीचा वाटेल.

मग आपल्याकडे व्हायोला का रुजला नाही? गजाननबुवा जोशी (१९११–८७), डी. के. दातार (१९३२–२०१८) यांनी व्हायोलिनवर गायकी आणली. आपल्या पद्धतीत व्हायोलिनच्याच तारा षड्ज-पंचमात, मूळ पट्टीच्या खाली उतरवून लावतात. मंद्राची गरज बरीचशी तेथेच भागली, असे माझे अनुमान आहे. कर्नाटक संगीतात एम. बालमुरलीकृष्ण व्हायोला वाजवीत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही. व्हायोलिनची तार उतरविणे आणि मुळातच खालच्या तारेसाठी घडविलेले वाद्य हाती घेणे, यांतील नादभेद त्यांच्या वादनाच्या आधारे तपासता येईल.