माळवदाखालची भीती

अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'च्या जोडीला 'नवल' काढलं आणि मराठीतल्या गूढ-भयकथेला हक्काचं घर मिळालं. एरवी आपली समीक्षा या कथेला ओसरीवरूनच परत पाठवते. 'नवल'ने तिला पाट मांडून जेवायला वाढलं, हे उपकार मोठेच.

पण या वळणाच्या कथा सलग वाचल्या की एक गोष्ट खटकते. त्यांतली भीती उंबऱ्यावर उभी असते. बाहेर रान, अंधार, अमावस्या. आत दिवा आणि कडी लावलेलं दार. वाईट ते आत शिरतं, नाहीतर आधीपासून एखाद्या कुलूपबंद खोलीत असतं. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली. त्या मूळ कादंबरीतल्या पिशाच्चालाही घरात यायला आमंत्रण लागतं! 'तुंबाड'मध्ये (२०१८) तर राक्षस वाड्याच्या पोटातच आहे. म्हणजे भिंत माणसाच्या बाजूची, हे गृहीतच.

लातूरकडे हे गृहीत चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असंच बांधलेलं. तेच अंगावर आलं. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास. जे उघड्यावर निजले होते, त्यातले बरेच वाचले.

इथे धारपांचा समर्थ येऊन काय करणार? कुणाचा बंदोबस्त करणार? मतकरी त्या मानाने जवळचे वाटतात. त्यांच्या चांगल्या कथांत मांत्रिक लागत नाही, भीती घरातल्याच माणसाच्या मनातून वर येते आणि कथा संपली तरी उतरत नाही.

किल्लारीच्या ढिगाऱ्यात भुतं फिरवा, असं मी म्हणत नाही. ते स्वस्त होईल, आणि निर्दयही. पण २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडचा धक्का नांदेडला जाणवला, तेव्हा १९९३ न पाहिलेली पोरंही आधी घराबाहेर पळाली. ही भीती त्यांना कुणी दिली, कधी, कोणत्या शब्दांत? पुनर्वसनातल्या पक्क्या घरात राहूनही रोज रात्री बाज अंगणात ओढणारा एखादा म्हातारा, आणि त्याला आत बोलावून थकलेली सून. भूत नको, शेवटी धक्का नको. अशी कथा 'नवल'च्या पानांवर वाचायला मला आवडेल.