नजराण्याचे नाणे आणि संग्राहकाची ओढ



नाणे ही फिरणारी वस्तू आहे, अशी आपली साधी समजूत असते. ते या हातातून त्या हातात जाते, झिजते, मळते आणि शेवटी कुठेतरी वितळते. ॲरिस्टॉटलने नाण्यासाठीचा ग्रीक शब्द ‘नोमिस्मा’ हा ‘नोमोस’शी, म्हणजे रूढीशी आणि नियमाशी जोडून दाखवला आहे. आपण सगळे मानतो म्हणून नाणे चालते, उद्या मानायचे सोडले तर चालणार नाही. आता प्रश्न असा की, जे नाणे बाजारात चालवण्यासाठी पाडलेलेच नाही, त्याला नाणे का म्हणायचे? आणि आज लिलावात नेमक्या अशाच नाण्यांवर लोक एवढी मोठी बोली का लावतात?

मी बोलतोय ते नजराण्याच्या सोन्याच्या नाण्यांबद्दल. राजाने कुणाला तरी द्यायची म्हणून, किंवा कुणीतरी राजापुढे ठेवायची म्हणून पाडलेली नाणी. जगभर ती सापडतात. मी आज प्रामुख्याने मोगलांची घेतो, कारण हा प्रकार त्यांच्याइतका थाटात फार थोड्यांनी चालवला.

मोगल दरबारात ‘नजर’ म्हणजे खालच्याने वरच्यापुढे ठेवायची मोहर. ‘निसार’ म्हणजे बादशहावरून उधळण्यासाठी पाडलेली हलकी नाणी, बहुतेक चांदीची. आपल्याकडे ओवाळून टाकणे म्हणतात ना, तीच कल्पना. आणि तिसरा प्रकार म्हणजे बादशहाने मर्जीने बहाल करायच्या थोर वजनाच्या मोहरा. जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने वजनाप्रमाणे मोहरांना नावेच देऊन टाकली. १०० तोळ्यांची नूरशाही, ५० तोळ्यांची नूरसुलतानी, २० ची नूरदौलत, १० ची नूरकरम, ५ ची नूरमिहर, आणि एक तोळ्याची नूरजहानी. हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बघा, १०० तोळ्यांचे नाणे घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. हे नाणे बोलण्यासाठी आहे. ‘मी दिले आणि तुला दिले’ एवढेच त्याला बोलायचे आहे.

आता संग्राहकाकडे वळू. लिलावाची यादी उघडली की तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली दुर्मिळता: अशी किती उरली आहेत. दुसरी अवस्था: किती झिजले आहे, ओरखडा आहे का. तिसरी वंशावळ: आधी कुणाकुणाच्या संग्रहात होते. या तिन्हींवर किंमत ठरते आणि सोन्याचा भाव त्यात जवळजवळ गौण ठरतो. म्हणजे संग्राहक सोन्याला भुललेला नाही, हे त्याच्या बाजूने आधीच मान्य करू. सोनेच हवे असते तर सराफाकडे ते स्वस्तात मिळते.

मग तो कशाला भुललेला असतो? माझे म्हणणे असे की, त्याला घेणाऱ्याची जागा हवी असते. चालू नाणे हजारो अनोळखी हातांतून गेलेले असते. नजराण्याचे नाणे मात्र एका विशिष्ट हातातून दुसऱ्या विशिष्ट हातात गेलेले असते. ते विकत घेणारा माणूस मनातल्या मनात त्या दुसऱ्या हाताच्या जागी आपला हात ठेवतो. बादशहाने हे जणू मला दिले! यात हास्यास्पद काही नाही. ही माणसाची जुनी इच्छा आहे. पण लिलावाची भाषा या इच्छेचे काय करते, ते तपासले पाहिजे. माझी टीका तिथे आहे.

पहिली गोष्ट अवस्थेची. जहांगीरच्या काही मोहरांवर त्याची स्वतःची छबी आहे. काहींवर तर हातात मद्याचा प्याला आहे. मर्जीतल्या लोकांना या दिल्या जात, असे नाणेशास्त्रज्ञ मानतात. ज्याला अशी मोहर मिळाली तो ती पेटीत कशाला ठेवेल? तो तिला कडी लावून अंगावर मिरवेल. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते. त्या पुतळ्या मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यांवरून आल्या. आपल्या बायकांनी ते परके सोने गळ्यात घालून आपले करून टाकले. पण आजच्या बाजारात कडी लावलेले किंवा कडी काढल्याची खूण असलेले नाणे ‘बिघडलेले’ समजतात आणि त्याची किंमत उतरते. म्हणजे ज्या खुणेवरून हे नाणे खरोखर कुणीतरी स्वीकारले, अंगावर घातले, अभिमानाने दाखवले, हे कळते, ती खूणच दोष ठरते. जणू त्या भेटीने कुणाच्या आयुष्यात काही घडलेच नाही, असे नाणे सर्वांत महाग. घेणाऱ्याची जागा हवी, पण मूळ घेणारा नको, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट कथेची. जहांगीरच्या राशींच्या मोहरा तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. मेष, वृषभ, सिंह वगैरे. त्यांच्याबरोबर एक गोष्ट हमखास विकली जाते: नूरजहानला एक दिवस राज्य मिळाले आणि त्या एका दिवसात तिने ही नाणी पाडून घेतली. ही गोष्ट फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने सांगितली. पण जहांगीर स्वतः तेराव्या राज्यवर्षाच्या, म्हणजे १६१८ च्या नोंदीत लिहितो की, नाण्यावर महिन्याचे नाव घालण्याऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घालावे, असे आपल्याच मनात आले. शिवाय ही नाणी वेगवेगळ्या वर्षांची आहेत, रुपये अहमदाबादचे तर मोहरा मुख्यतः आग्र्याच्या. एका दिवसात कसे होणार? आणि मघाशी सांगितलेली ‘नूरजहानी’ मोहर आठवा. ते नाव १६०५ चे. नूरजहानशी लग्न झाले १६११ मध्ये. त्या नावातला ‘नूर’ नूरुद्दीन जहांगीर या बादशहाच्या बिरुदातला आहे. तरीही प्रेमकथा टिकून राहते, कारण प्रेमकथेने किंमत वाढते आणि टाकसाळीच्या नोंदीने वाढत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. जहांगीरने १००० तोळ्यांची मोहर पाडली. वजन सुमारे १२ किलो, व्यास सुमारे २० सेंटिमीटर. म्हणजे जेवणाच्या लहान ताटाएवढे नाणे! १६१३ मध्ये अशी एक मोहर इराणच्या शाह अब्बासचा वकील यादगार अली याला दिल्याची नोंद बादशहाच्या आठवणींत आहे. नाव ‘कौकब-ए-ताली’, म्हणजे भाग्याचा तारा. आता १९८७ मध्ये जिनिव्हात असेच एक नाणे लिलावाला आले. ते हैदराबादच्या निजामाच्या घराण्यातले. आपल्या केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याचा तपास केला, कारण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्या नाण्याचे पुढे काय झाले ते सार्वजनिक झालेले नाही. आणि गंमत अशी की, यादगार अलीची मोहर आणि निजामाची मोहर या दोन्ही एकच, असे बिनदिक्कत सांगितले जाते. अहो, इराणच्या वकिलाला दिलेली मोहर हैदराबादला कशी आली, हा साधा प्रश्न कुणी विचारू नये? दोन गोष्टी शिवून एक वंशावळ तयार केली, की नाणे आणखी मोलाचे होते.

पण त्या भेटीचा अर्थ काय होता? मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या भेटीवरच्या निबंधात दाखवले की, भेट कधीच फुकट नसते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात. आता बघा. यादगार अली परत निघाला तेव्हा जहांगीरने त्याच्याबरोबर आपला वकील खान आलम याला इराणला पाठवले. दोन दरबारांत भाऊ-भाऊ म्हणून पत्रे चालली. जहांगीरने शाह अब्बासला मिठी मारतानाचे चित्रसुद्धा काढून घेतले. त्यात जहांगीर सिंहावर उभा आहे आणि शाह मेंढीवर! आणि १६२२ मध्ये त्याच शाह अब्बासने कंदाहार घेतले. म्हणजे १२ किलो सोने बोलत होते ते ‘आपण भाऊ, पण मी थोरला’ असे, आणि त्याला उत्तर मिळाले ते कंदाहारच्या वेढ्यातून. हा सगळा अर्थ ‘जगातले सर्वांत मोठे सोन्याचे नाणे’ या एका वाक्यात बुडून जातो.

इथे कुणी म्हणेल, सर, संग्राहक नसते तर ही नाणी वितळून गेली असती. हे शंभर टक्के खरे आहे. सोन्याचा शत्रू म्हणजे मूस. शाहजहानच्या २०० मोहरांच्या एका नाण्याचा प्लास्टरचा ठसा ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे, मूळ नाणे गेले. संग्राहकांचे ऋण मान्यच आहे. पण तो ठसा एक प्रश्नही विचारतो. त्या प्लास्टरवर लेख वाचता येतो, साल वाचता येते, अक्षरांचे वळण दिसते. इतिहासाचीच ओढ असेल तर त्या ठशापुढे उभे राहूनही मन भरायला हवे. भरत नसेल, तर आपल्याला ओढणारी गोष्ट इतिहास नसून मालकी आहे, हे निदान स्वतःशी तरी कबूल करावे.

हीच कसोटी आपल्या घरी लावू. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन. तो नजराण्याचा नाही, राज्याभिषेकाशी निगडित असा सार्वभौमत्वाचा दाखला आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. अत्यंत दुर्मिळ, म्हणून किंमत अफाट. पण तीच अक्षरे तांब्याच्या शिवराईवरही आहेत. राजा छत्रपती झाला ही घोषणा रयतेच्या मुठीत पोचली ती शिवराईने. होन पाहिलेली माणसे थोडी असतील, शिवराई खेड्यापाड्यांत फिरली. आज शिवराई अगदी माफक किमतीत मिळते आणि पुष्कळ घरांत देव्हाऱ्यात किंवा जुन्या डब्यात पडून असते. महाराजांबद्दलच्या आदराने होन हवा असे म्हणणाऱ्याने आधी हातातली शिवराई नीट वाचली आहे का, हे मी विचारीन. झिजलेली आहे म्हणून टाकू नका. ती झिजली, कारण तिने काम केले.

तेव्हा संग्रह करू नका, असे मी म्हणत नाही. नजराण्याचे नाणे समोर आले, संग्रहालयात असो की छायाचित्रात, की तीन प्रश्न विचारा. कुणी दिले? कुणाला दिले? आणि बदल्यात काय अपेक्षित होते? लिलावाच्या यादीत पहिल्याचे उत्तर मोठ्या अक्षरांत असते, दुसऱ्याचे कधीकधी असते, तिसऱ्याचे बहुधा नसतेच. ते तिसरे उत्तर शोधण्यासाठी एक रुपयाही लागत नाही, वाचनालय लागते. आणि ते सापडले की त्या नाण्यातला तुमचा वाटा तुम्हाला मिळाला, मग ते कुणाच्याही तिजोरीत असो.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.