अजिंठ्याच्या प्रती: दिसतात, पण पोहोचत नाहीत

अजिंठ्याची भित्तिचित्रे झिजत आहेत, म्हणून त्यांच्या जुन्या प्रतींचे मोल मोठे. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्या प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत व त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर पाहता येतात. हे काम निश्चितच स्वागतार्ह आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. तेथील वर्णने इंग्रजीत आहेत. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाचे चित्र फर्दापूरच्या मुलाने मराठीतून शोधावे कसे? वास्तविक जुनी प्रत आणि आजच्या भिंतीचे छायाचित्र शेजारी ठेवले, की काय नाहीसे झाले हे वर्गातच तपासता येईल. अर्थात प्रतीत नक्कल करणाऱ्याचा हातही उतरतो, हे विसरू नये. निरीक्षणाचा याहून चांगला पाठ कोणता?

या प्रती विद्यार्थ्यांच्याच हातून घडल्या. त्यांच्या मराठी नोंदीही विद्यार्थी व शिक्षक मिळून का करू नयेत?