थकबाकीदाराची नड ॲपला कळते का?

आज बोलायचंय ते इंडोनेशियातल्या ‘बैतुल माल वत तमविल’, थोडक्यात बीएमटी, या संस्थांबद्दल. नाव अवघड, काम ओळखीचं. बाजारातल्या छोट्या विक्रेत्यांना बिनव्याजी तत्त्वावर भांडवल पुरवणाऱ्या या संस्था बहुतेक सहकारी असतात. त्यांचा माणूस गाळ्यागाळ्यावर जाऊन बचत आणि हप्ते गोळा करतो. आपल्या पतसंस्थेचा पिग्मी एजंट डोळ्यांसमोर आणा.

आता हे काम मोबाइल ॲपवर येतंय. त्याला धर्माची आडकाठी नाही. तिथल्या राष्ट्रीय शरिया मंडळाने २०१८ साली ऑनलाइन वित्तपुरवठ्याला फतव्याने वाट करून दिली. फायदेही खरे आहेत. भरलेल्या हप्त्याची नोंद खातेदाराला लगेच दिसते, रोकड सांभाळण्याची जोखीम कमी होते.

माझा आक्षेप मोजमापाला आहे. किती जणांनी ॲप घेतलं, किती मिनिटांत पैसे मिळाले, एवढंच मोजलं तर ही संस्था ‘इस्लामी’ कशामुळे, हा प्रश्नच बाजूला पडतो.

मुराबहाचा व्यवहार बघा. व्याज टाळायचं म्हणून संस्था वस्तू विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ती हप्त्यांवर विकते. २००० सालच्या फतव्याप्रमाणे आधी वस्तूची मालकी, मग विक्रीचा करार. ॲपवर एकाच बटणाने पैसे खात्यात पडले आणि वस्तू कुणी पाहिलीच नाही, तर हे व्याजापेक्षा वेगळं कसं?

त्याहून गंभीर प्रश्न थकबाकीचा. त्याच वर्षीचा दुसरा फतवा सांगतो : ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला दंड करता येईल, पण ती रक्कम सामाजिक निधीत जाईल. ओढवलेल्या आपत्तीमुळे ज्याला भरताच येत नाही, त्याला दंड नाही. स्क्रीनवर मात्र दोघांचा हप्ता सारखाच थकलेला दिसतो! गाळा चार दिवस बंद का, घरात आजारपण आहे का, हे रोज फेरी मारणाऱ्यालाच ठाऊक असतं. खर्च वाचवायला त्यालाच कमी केलं, तर हा भेद करायचा कुणी?

म्हणून ॲप स्वीकारताना संस्थेने आधी दोन गोष्टी तपासाव्यात. मालकीची नोंद झाल्याशिवाय करार पुढे सरकतो का? आणि दंड आपोआप लागतो, की आधी कुणीतरी जाऊन चौकशी करतं? याची उत्तरं समाधानकारक असतील, तर ॲप जरूर घ्यावं. वसुली करणाऱ्याची वही त्यात जाऊ दे; त्याची फेरी मात्र चालू राहिली पाहिजे.