कॅडिलॅक आणि किटीबाई

दुःखाची गाणी गाणाऱ्या माणसाचे घरी बरे चालले आहे असे कळले, की आपला थोडा हिरमोडच होतो. रात्री विरहाच्या गाण्याने आपल्याला रडवणारा गवई सकाळी बायकोने दिलेली पिशवी घेऊन मंडईत गवारीचा भाव करताना दिसला, तर आपल्याला फसवल्यासारखे वाटते. अरे, निदान दाढी तरी वाढवायचीस! दारूत बुडाला तर उत्तमच. आणि तिशीच्या आत गेला, तर मग काय विचारता! ‘अस्सल कलावंत होता हो!’ असे म्हणून उसासा टाकायला आपण मोकळे.

ही खोड आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेत तिच्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला. त्याला ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. वाद्ये म्हणाल तर गिटार, फिडल आणि ती गळ्यात हुंदका अडकल्यासारखी वाजणारी स्टील गिटार. विषय म्हणाल तर सोडून गेलेली बायको, न सुटणारी बाटली, रात्रीच्या आगगाडीची शिटी आणि रविवारपुरता देव. या संगीताची पंढरी म्हणजे नॅशव्हिल. तिथल्या डब्ल्यूएसएम रेडिओवरून १९२५ पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाचा कार्यक्रम चालत आला आहे. हे केंद्र काढले कोणी, तर एका विमा कंपनीने! केंद्राच्या नावातली तीन अक्षरे म्हणजे ‘आम्ही लाखोंचे रक्षण करतो’ या कंपनीच्या ब्रीदवाक्याची आद्याक्षरे. गायकाने मरणाचे गाणे म्हणायचे आणि कंपनीने पॉलिसी विकायची. इतका सोयीचा संसार आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

या पंढरीतला सर्वांत लाडका गायक म्हणजे हँक विल्यम्स. जन्म १९२३, अलाबामा. नोटेशन वाचता येत नव्हते. रूफस पेन नावाच्या, रस्त्यावर गाणाऱ्या एका कृष्णवर्णीय गवयाकडून पोरवयात जे शिकला, तेच त्याचे गांधर्व महाविद्यालय. १९४९ साली ‘लव्हसिक ब्लूज’ गाऊन त्याने ऑप्री डोक्यावर घेतली आणि १९५२ च्या ऑगस्टमध्ये, दारूपायी कार्यक्रम बुडवतो म्हणून, त्याच ऑप्रीने त्याला नारळ दिला. त्याच साली पहिल्या बायकोशी घटस्फोट झाला. ऑक्टोबरात दुसरे लग्न. एकदा रीतसर लागलेले हे लग्न दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात पुन्हा दोनदा लावण्यात आले. का, तर तिकिटे विकली होती! दुपारचा खेळ आणि संध्याकाळचा खेळ. हजारो लोकांनी पैसे मोजून अक्षता टाकल्या म्हणायच्या. एवढे करून नवरीचा आधीचा घटस्फोट तेव्हा पुरता झालेलाच नव्हता, आणि लग्न खरे की खोटे हा वाद पुढे कोर्टात गेला.

अडीच महिन्यांनी, १ जानेवारी १९५३ ला, ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना हँक आपल्या कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर मरून पडलेला सापडला. गाडी चालवणारा कॉलेजातला पोरगा. गायकाचे वय एकोणतीस. त्याच्या हयातीत निघालेल्या शेवटच्या रेकॉर्डवरचे गाणे, या जगातून आपण काही जिवंत सुटत नाही, अशा अर्थाचे. मूळ गाणे गमतीचे होते. पण त्यानंतर ते ऐकून कोणी हसल्याचे ऐकिवात नाही.

झाले! दंतकथेला आणखी काय हवे? तेव्हापासून रसिक सांगत आले आहेत, की हँकची गाणी इतकी काळजाला भिडतात, कारण तो तसा जगला. माझी तक्रार आहे ती इथे.

या माणसाला जन्मतःच पाठीच्या कण्याचा विकार होता. १९५१ च्या डिसेंबरात कण्यावर शस्त्रक्रिया झाली. पाठ जी दुखत होती ती दुखतच राहिली. त्यावर दारू, त्यावर वेदनाशामके, आणि अखेरीस विकत घेतलेल्या पदवीचा एक ‘डॉक्टर’, त्याने लिहून दिलेली झोपेची औषधे. आपण ज्याला कवीची चिरंतन वेदना वगैरे म्हणतो, तिच्यातला बराच भाग साधी पाठदुखी होती! चिरंतन वेदनेला टाळ्या मिळतात. पाठदुखीला खरा डॉक्टर लागतो. हँकला टाळ्या मिळाल्या.

आता गाणी पाहा. त्याला ज्याने प्रसिद्धी दिली ते ‘लव्हसिक ब्लूज’ त्याचे नव्हतेच. ते त्याच्या जन्माच्या सुमारास शहरातल्या दोन धंदेवाईक गीतकारांनी रचले होते. जी त्याची स्वतःची, ती फ्रेड रोज या मुरलेल्या प्रकाशकाबरोबर बसून घासूनपुसून घेतलेली. त्याचे एकाकीपणावरचे गाणे घ्या. एक पक्षी, एक आगगाडी, एक चंद्र. तीन मिनिटांच्या आत सगळा खेळ खलास. एक शब्द जादा नाही. प्यायलेला माणूस एक शब्द जादा बोलल्यावाचून राहतो का? कोपऱ्यावरच्या कोणालाही विचारा! ही काटकसर शुद्धीतल्या कारागिराची आहे. हँकने गाणी रचली ती दारूमुळे नव्हे. दारू जेवढा वेळ सोडी, तेवढ्यात रचली. एकोणतिसाव्या वर्षी ते थांबले, हा आपला तोटा आहे, अलंकार नव्हे. पुढे कितीतरी होतकरूंनी हँकचा वारसा म्हणून त्याची बाटली उचलली. पेन्सिल तिथेच राहिली.

गाण्यातले सगळे भोगावेच लागते, असेही नाही. जॉनी कॅशने फॉल्सम तुरुंगातल्या कैद्याचे गाणे लिहिले, तेव्हा तो जर्मनीत अमेरिकन हवाई दलाच्या नोकरीत होता आणि त्याने त्या तुरुंगाचा सिनेमा पाहिला होता. चालही बरीचशी दुसऱ्याच्या गाण्यावरून उचललेली. पुढे किरकोळ कारणांवरून एखाद-दुसरी रात्र कोठडीत काढली असेल तेवढीच. शिक्षा अशी कधी भोगली नाही. तरी १९६८ साली तो खुद्द फॉल्सममध्ये गायला, तेव्हा कैद्यांनी त्याला आपला मानला. आणि कैद्यांपेक्षा या विषयातले जाणकार कुठून आणायचे?

पण माझा मुख्य साक्षीदार वेगळाच आहे. किटी वेल्स. खरे नाव एलन म्यूरिएल डीसन, जन्म १९१९, नॅशव्हिल. १९३७ साली जॉनी राइट या गायकाशी लग्न केले, मुले झाली, आणि १९५२ साली ही बाई गाणे सोडून घर सांभाळावे अशा विचारात होती. तेवढ्यात एक गाणे आले. त्या वर्षी हँक थॉम्प्सन नावाच्या गायकाने, आपली बायको गुत्त्यांच्या झगमगाटाला भुलून गेली अशी जाहीर तक्रार गाऊन केली होती. त्याला हे उत्तर होते: बायका बिघडतात त्या देवाने तशा घडवल्या म्हणून नव्हे, लग्न झालेले पुरुष बाहेर ब्रह्मचारी म्हणून मिरवतात, त्याचे हे फळ. किटीबाई तयार झाल्या, कारण रेकॉर्डिंगचे ठरीव १२५ डॉलर मिळणार होते. घरखर्चाला तेवढाच हातभार!

गंमत म्हणजे सवाल आणि जबाब दोन्हींची चाल एकच, आणि त्याच चालीवर आधी एक प्रसिद्ध भक्तिगीतही होऊन गेलेले. भजनाच्या चालीवर गुत्ता आणि गुत्त्याच्या चालीवर खरी गोष्ट! रेडिओवाल्यांना मात्र ती झोंबली. एनबीसीने गाणे बंद केले. पुरुषाने तक्रार केली तेव्हा ते गाणे होते. बाईने केली तेव्हा ती अश्लील झाली. तरीही ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन सहा आठवडे तिथे बसले. एकट्या गायिकेला हे स्थान तोवर मिळालेच नव्हते.

रेकॉर्ड ऐकाल तर चकित व्हाल. हुंदका नाही, मुरकी नाही, आक्रस्ताळेपणा तर नाहीच. वाण्याची यादी वाचून दाखवावी अशा सरळ, जरा नाकातल्या आवाजात बाई सांगत जातात, आणि म्हणूनच प्रत्येक शब्द लागतो. शेजारच्या सुनेचे काय चालले आहे हे जिला भिंतीपलीकडून नीट कळते, आणि जी योग्य वेळी एकच वाक्य बोलते, त्या बाईचा हा आवाज आहे. स्वतःचा संसार मोडला नसला म्हणून काय झाले? कान होते ना!

तो संसार जॉनीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, जवळजवळ चौऱ्याहत्तर वर्षे टिकला. बाई २०१२ साली बाण्णवाव्या वर्षी गेल्या. त्यांच्यावर सिनेमा काढणे कठीण आहे. मध्यंतरापर्यंत काही घडणारच नाही!

हँकची कॅडिलॅक पुढे माँटगोमेरीच्या संग्रहालयात मांडली गेली आणि लोक ती मागची सीट वाकवाकून पाहून गेले. मला ती पाहण्याची इच्छा नाही. माझे म्हणणे एवढेच, की एखाद्या रविवारी हँकचे एक आणि किटीबाईंचे एक गाणे लागोपाठ लावा. दोघांची चरित्रे क्षणभर विसरा आणि नुसत्या आवाजावरून सांगा, यातले कोण गाडीत मेले आणि कोणाची शेगडीवर भाजी शिजत होती.

ओळखता आले तर मला जरूर कळवा.