मोडलेला वसा

शस्त्र हाती असून ते न चालविणारा नायक रंगविणे सोपे; त्या निग्रहाची किंमत दाखविणे कठीण. सातोशी निशिमुरा दिग्दर्शित ‘ट्रायगन’ (१९९८) ही २६ भागांची जपानी ॲनिमेशन मालिका हे कठीण काम पत्करते.

यासुहिरो नाइटो यांच्या चित्रकथेवरील या मालिकेत एका वाळवंटी ग्रहावर व्हॅश हा पिस्तूलबाज भटकतो. त्याला पकडणाऱ्यास ६० अब्ज डबल डॉलरचे बक्षीस आहे. पण बालपणी रेम या स्त्रीने दिलेली शिकवण स्मरून तो कुणाचाही प्राण घेत नाही. आरंभीचे भाग विनोदापायी रेंगाळतात, हे खरे. मात्र त्याच्या देहावरचे व्रण दिसतात, तेव्हा ते हसू कशावर पांघरूण घालीत होते हे उमगते.

पुढे लेगाटो त्याला पेचात पकडतो : मेरिल आणि मिली यांचे प्राण, की व्रत? व्हॅश गोळी झाडतो. एखादा योगायोग घडवून नायकाचे सोवळे राखता आले असते. मालिका ती पळवाट नाकारते. व्हॅश मनाने कोसळतो.

खरी कसोटी त्यानंतरची. संहारक जुळा भाऊ नाइव्ह्ज याला हरवूनही तो त्यास जिवंत ठेवतो. वसा मोडणे आणि पुन्हा घेणे श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्यांना अपरिचित नाही. तेथे गेलेले वैभव परत येते. व्हॅशच्या वाट्याला मात्र जखमी भाऊ वाहून नेणे तेवढे येते. म्हणूनच त्याचा वसा खरा वाटतो.